जाळीचे गोत्र

कर किती घ्यावा हे सरकारने ठरवायचे असते. परंतु ज्या वस्तूवर तो घ्यायचा ती वस्तू मुळात कोणती, हे त्याच्याही आधी ठरावे लागते. हे दुसरे काम निव्वळ कारकुनी समजून आपण त्याकडे सहसा लक्ष देत नाही. शेतीसाठी परदेशांतून येणाऱ्या कृत्रिम धाग्यांच्या गुंफलेल्या कापडाचा प्रश्न पाहिला, म्हणजे या कारकुनी कामावर शेतकऱ्याचा खिसा, होजिअरीतल्या कामगाराची रोजी आणि सरकारची तिजोरी ही तिन्ही कशी अवलंबून आहेत हे ध्यानात येते.

आपला शेतकरी ज्याला ‘शेडनेट’ म्हणतो, ते या कापडाचे सर्वपरिचित रूप. पॉलिथिनच्या बारीक पट्ट्या किंवा धागे यांचे टाके यंत्राच्या सुयांवर एकमेकांत गुंफून ही जाळी तयार होते. ढोबळी मिरची, जरबेराची फुले, भाजीपाल्याची रोपवाटिका यांना ती उन्हाच्या तडाख्यापासून वाचवते. तिच्याच जातीची जाळी गारपिटीच्या भयाने फळबागांवर ताणली जाते. ती देशातही होते आणि बाहेरूनही येते. बाहेरून आलेला गठ्ठा बंदरात उतरला की पहिला प्रश्न उभा राहतो: हे कापड की प्लास्टिक?

१९८८ पासून जगभर लागू असलेल्या एका समान पद्धतीने व्यापारातील प्रत्येक वस्तूला सहा अंकी क्रमांक दिलेला आहे, आणि आपल्या १९७५ च्या कायद्यातील शुल्कसूचीही आता याच पद्धतीवर बेतलेली आहे. तीत प्लास्टिकला एकोणचाळिसावे प्रकरण आहे, गुंफलेल्या कापडाला साठावे. या दोहोंमधील सीमारेषाही आखून दिलेली आहे. प्लास्टिकची पट्टी पाच मिलिमीटरपेक्षा रुंद, किंवा एकेरी तंतू एक मिलिमीटरपेक्षा जाड असेल, तर त्यापासून केलेले कापड हे प्लास्टिक; त्याहून बारीक असेल तर ते वस्त्र. फूटपट्टी लावून सुटावा इतका हा प्रश्न सोपा दिसतो. पण १९९० च्या सुमारास पॉलिथिनच्या पट्ट्यांपासून विणलेल्या पोत्यांच्या खटल्यात मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने ती पोती प्लास्टिकचीच ठरवली, आणि त्या निर्णयाची सावली अशा पट्ट्यांच्या प्रत्येक मालावर पडत राहिली.

या वादाची किंमत कोण देतो? वस्तू व सेवा कराच्या व्यवस्थेत साठाव्या प्रकरणातील कापडावर ५ टक्के कर धरला गेला, तर प्लास्टिकच्या ‘इतर वस्तूं’वर १८ टक्के. म्हणजे एक लाख रुपयांच्या जाळीवर एका वाचनाने पाच हजार, दुसऱ्या वाचनाने अठरा हजार. व्यापारी भरलेला कर पुढच्या हिशेबात वळता करून घेतो. शेतमालापुरती शेतकऱ्याला या कराची नोंदणीच नाही, त्यामुळे वरचे तेरा हजार त्याच्याच माथी राहतात. एकीकडे फलोत्पादन अभियानातून शेडनेटगृहाच्या ठरीव खर्चाचे निम्मे अनुदान द्यायचे आणि दुसरीकडे शीर्षकाच्या वादात त्यातले काही परत काढून घ्यायचे, हा उजव्या हाताने दिलेले डाव्या हाताने घेण्याचा प्रकार झाला.

अलीकडच्या काळात या गुंत्यात आणखी एक पीळ पडला. स्वस्त परदेशी कापडाने आपल्या गिरण्या व लहान कारखाने हैराण झाल्यामुळे मार्च २०२४ मध्ये सरकारने पाच प्रकारच्या कृत्रिम निटेड कापडांवर किलोमागे साडेतीन डॉलरची किमान आयात किंमत बसवली; पुढे त्या यादीत आणखी प्रकार घालावे लागले. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात नऊ प्रकारांवर मूल्याच्या २० टक्के किंवा किलोमागे ११५ रुपये, यांपैकी जे अधिक असेल ते शुल्क लागू झाले. समजा, कापडाची किंमत किलोला दोनशे रुपये आहे. तर २० टक्क्यांनी चाळीस रुपये होतात, पण प्रत्यक्षात ११५ द्यावे लागतात. हे नऊ प्रकार ६०.०४ आणि ६०.०६ या शीर्षकांखालचे. शेडनेट, तिला वस्त्र मानले तर, शेजारच्या ६०.०५ मधली. दोन शेजारघरांच्या भाड्यात एवढी तफावत असल्यावर भाडेकरू कोणत्या दाराशी घोटाळतील हे सांगण्यास ज्योतिषी नको. पोशाखाचे कापड ‘शेतीची जाळी’ या नावाने आत आणण्याचा मोह यातूनच निर्माण होतो. आणि अशा मोहाची शंका एकदा अधिकाऱ्याच्या मनात शिरली की खऱ्या जाळीचा गठ्ठाही तपासणीत अडकून पडतो. चोर सोडून संन्याशाला सुळी, ती ही अशी.

यावर काही मंडळी सुचवतात की, जे शेतीसाठी आहे ते शेतीचे माना आणि सोडून द्या. हेतू चांगला असला तरी मार्ग बरा नव्हे. हीच हिरवी जाळी शहरातील वाचकाने बांधकामाच्या परातींवर, मोटारींच्या छपरांवर आणि गच्चीतल्या कुंड्यांवर पाहिली असेल. न्हावाशेव्याच्या धक्क्यावर उभ्या असलेल्या अधिकाऱ्याने तो गठ्ठा नाशिकच्या मळ्यात जाणार की ठाण्याच्या इमारतीवर, हे कोणत्या लक्षणावरून ओळखावे? सर्वोच्च न्यायालयाने १९७५ सालीच रबर-लॅटेक्सच्या प्रसिद्ध खटल्यात सांगून ठेवले आहे की, शीर्षकात उपयोगाचा उल्लेख नसेल तर वस्तूचा अंतिम उपयोग वर्गीकरणाला गैरलागू होय. वस्तूचे गोत्र तिच्या घडणीवरून ठरावे, ती पुढे कोणाच्या घरी नांदणार यावरून नव्हे.

मग शेतकऱ्याने काय करावे? उपाय त्या शुल्कसूचीतच सापडतो. मलेरियाविरुद्धच्या मच्छरदाण्यांच्या कापडाला स्वतंत्र ओळख देण्याची वेळ आली, तेव्हा २०१७ च्या जागतिक दुरुस्तीने ‘मच्छरदाणीसाठी’ असा मोघम शब्द घातला नाही. चौरस मीटरला ३० ते ५५ ग्रॅम वजन, चौरस सेंटिमीटरला २० ते १०० छिद्रे, आणि नावे घेऊन सांगितलेल्या कीटकनाशकांचा लेप, असे मोजता येणारे वर्णन तिने लिहिले. उपयोग साधला आणि संदिग्धताही टळली. भारतीय मानक ब्युरोचे शेडनेटसाठी आय. एस. १६००८ हे मानक तयार आहे. पट्टीची जाळी आणि एकेरी तंतूची जाळी असे भागही त्यात पाडलेले आहेत. सहा अंकांपुढचे दोन अंक प्रत्येक देशाच्या स्वाधीन असतात. त्या आठ अंकी वर्णनात पट्टीची रुंदी, वजन आणि सावलीचे प्रमाण लिहिण्यास अडचण कोणती?

दुसरी गोष्ट सवलतीची. ती द्यायची असेल तर उघडपणे, स्वतंत्र अधिसूचनेने, मुदत आणि अटी घालून द्यावी. सवलतीच्या दराने आणलेल्या मालाचा विनियोग तपासण्यासाठी २०२२ चे नियम आहेतच. तिसरी गोष्ट खात्रीची. मुंबई व दिल्ली येथे २०२१ पासून सीमाशुल्काची आगाऊ निर्णय प्राधिकरणे आहेत, पण त्यांचा निर्णय अर्जदारापुरताच बंधनकारक असतो. एकाला मिळालेले उत्तर दुसऱ्याच्या उपयोगी पडत नाही. आणि माल सुटल्यावरही दोन वर्षांपर्यंत, लबाडीचा आरोप असल्यास पाच वर्षांपर्यंत, मागे जाऊन फरकाची मागणी होऊ शकते. तेव्हा केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाने नमुन्यांसह एकच परिपत्रक काढून ही जाळी प्लास्टिक की वस्त्र, याचा निकाल सर्वांसाठी लावावा.

होजिअरी कामगाराला संरक्षण हवे आणि शेतकऱ्याला स्वस्त जाळी हवी, या दोन्ही मागण्या न्याय्य आहेत आणि त्यांत मुळात विरोध नाही. विरोध दिसतो तो सूचीतील शब्द सैल असल्यामुळे. कारण सैल शब्दाचा लाभ कामगाराला होत नाही, शेतकऱ्यालाही होत नाही, तो नेमका उठवतो दोघांच्या मध्ये उभा असलेला चलाख मध्यस्थ. संसदेने दर ठरवावेत. पण त्या दरांना अर्थ यावा म्हणून वस्तूचे नाव आधी नीट, मोजून-मापून लिहिले जावे, एवढीच आमची मागणी आहे.