वैद्याची वाणी

स्मरणिकेसाठी डॉक्टरने लिहावयाचे म्हणजे एखाद्या आजारावर लिहावे, अशी सर्वसाधारण अपेक्षा असते. मी मात्र या वेळी बोलण्याच्या कौशल्याविषयी लिहिणार आहे. वैद्यकीय महाविद्यालयात वक्तृत्व, वादविवाद आणि नाटक यांत गेलेला वेळ अभ्यासातून वजा झाला, असे बहुतेक पालक मानतात. काही अध्यापकही तसेच मानतात. तीन दशकांहून अधिक काळ रुग्ण तपासल्यानंतर माझे मत नेमके उलट झाले आहे. तो वेळ अभ्यासाचाच भाग आहे.

आपल्या परंपरेला हे नवे नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानात वैद्यांनी आपसांत करावयाच्या चर्चेचा, म्हणजे तद्विद्यसंभाषेचा, सविस्तर विचार आहे. मित्रभावाने होणारी ती संधायसंभाषा आणि जिंकण्याच्या ईर्षेने होणारी ती विगृह्यसंभाषा, असे तिचे दोन प्रकार तेथे सांगितले आहेत. बोलण्यापूर्वी सभेची आणि समोरच्या व्यक्तीची पारख करावी, असेही म्हटले आहे. बोलणे ही वैद्याने शिकावयाची गोष्ट आहे, हे त्या काळी गृहीत होते.

मराठी रंगभूमीला तर वैद्यकाने भरभरून दिले आहे. कान-नाक-घशाचे शल्यचिकित्सक डॉ. श्रीराम लागू, बालरोगतज्ज्ञ डॉ. जब्बार पटेल आणि मनोविकारतज्ज्ञ डॉ. मोहन आगाशे हे तिघेही पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयाचे विद्यार्थी. १९७२ मध्ये रंगमंचावर आलेल्या ‘घाशीराम कोतवाल’चे दिग्दर्शन डॉ. पटेलांचे होते आणि त्यातील नाना फडणवीस डॉ. आगाशे यांनी साकारला. अशी प्रतिभा विरळाच. परंतु स्नेहसंमेलनातल्या एकांकिकेत दोन वाक्ये बोलून पुढे आयुष्यभर दवाखाना चालविणाऱ्या माझ्यासारख्या शेकडो डॉक्टरांना रंगमंचाने काय दिले, याचा हिशेब कोणी मांडत नाही.

तो मांडावयास हवा. आवाज न चढविता शेवटच्या रांगेपर्यंत कसा पोहोचवावा, महत्त्वाच्या वाक्यापूर्वी किती थांबावे, हातांचे काय करावे, हे तेथे कळते. आमचे दिग्दर्शक एकच गोष्ट पुनःपुन्हा सांगत : स्वतःच्या वाक्याची वाट पाहत उभे राहू नका, समोरचा काय बोलतो ते आधी ऐका. रुग्णाची हकिकत घेताना हाच नियम लागतो. पुढचा प्रश्न मनात जुळविणाऱ्या डॉक्टरच्या कानांवर रुग्णाचे अर्धे उत्तर पडतच नाही.

आम्हा इंदूरच्या मराठी डॉक्टरांपुढे आणखी एक पेच आहे. घरी मराठी, पुस्तकात इंग्रजी, वॉर्डात हिंदी आणि खेड्यातून आलेल्या रुग्णाच्या तोंडी माळवी किंवा निमाडी. रुग्ण ‘घबराहट’ म्हणतो तेव्हा त्याच्या मनात छातीतली धडधड असते, धाप असते, मळमळ असते किंवा निव्वळ भीती असते. शब्दकोश येथे उपयोगी पडत नाही. स्वर, चेहरा आणि थांबण्याची जागा यांवरून अर्थ लावावा लागतो. १६ ऑक्टोबर २०२२ रोजी भोपाळ येथे एम. बी. बी. एस.च्या हिंदी पुस्तकांचे प्रकाशन झाले. पुस्तकाची भाषा बदलली तरी रुग्णाशी बोलण्याची भाषा निराळी शिकावी लागतेच.

आधुनिक वैद्यकानेही हे ओळखले आहे. १९६३ मध्ये अमेरिकेतील न्यूरोलॉजिस्ट हॉवर्ड बॅरोज यांनी निरोगी माणसांकडून रुग्णाची भूमिका करवून घेऊन विद्यार्थ्यांची परीक्षा घेण्याची पद्धत सुरू केली. कर्करोगाच्या रुग्णाला अप्रिय वार्ता कशी सांगावी, याची ‘स्पाइक्स’ नावाची सहा पायऱ्यांची रीत २००० मध्ये प्रसिद्ध झाली. आपल्याकडे भारतीय वैद्यक परिषदेने २०१८ मध्ये वृत्ती, नीती व संवाद यांचा ‘एटकॉम’ हा अभ्यासघटक तयार केला आणि २०१९ पासून तो अभ्यासक्रमात आला. पाऊल स्वागतार्ह आहे. तथापि, संवाद हा व्याख्यान ऐकून येत नाही. पोहणे जसे पाण्यात उतरूनच येते, तसे बोलणे चार माणसांसमोर उभे राहूनच येते.

यावर एक आक्षेप योग्य आहे. गोड बोलणारा डॉक्टर चांगला डॉक्टर असतोच असे नाही. वाक्चातुर्याने अज्ञान झाकताही येते. म्हणूनच आपल्या वक्तृत्वस्पर्धांचे स्वरूप मला खटकते. पाठ केलेले भाषण, टाळ्या घेणारी वाक्ये आणि प्रतिस्पर्ध्याला गप्प करण्याचे कौतुक, ही सारी विगृह्यसंभाषेची तालीम झाली. रुग्णापुढे बसणाऱ्याला संधायसंभाषा हवी.

आपल्या संघटनेला माझी एक सूचना आहे. दरवर्षी विद्यार्थ्यांसाठी एक निराळी स्पर्धा घ्यावी. प्रत्येकाने पाच मिनिटांत एक गोष्ट समजावून सांगावी : बरे वाटू लागल्यावरही क्षयरोगाची औषधे सहा महिने का घ्यावीत, किंवा मधुमेहात पायांची काळजी का घ्यावी. परीक्षक डॉक्टर नसावेत. एखाद्या गृहिणी, निवृत्त शिक्षक, रिक्षाचालक असे असावेत. भाषण संपल्यावर आपल्याला काय समजले, ते परीक्षकांनी सांगावे आणि त्यावरच गुण द्यावेत. आपल्यातील निवृत्त सभासदांनी रुग्णांच्या भूमिका कराव्यात. त्यांच्याइतके रुग्ण कोणी पाहिले आहेत?

खर्च एका सभागृहाचा आणि चहाचा. लाभ मात्र पुढे त्या मुलामुलींच्या दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येक घाबरलेल्या माणसाला मिळेल. आपण काय ऐकले, हे नीट समजून घरी परतण्याचा त्याला हक्क आहे. कार्यकारिणीने याचा अवश्य विचार करावा, ही विनंती.