एका प्रश्नातून निघालेले औषध

मानेच्या पुढील भागात, स्वरयंत्राच्या किंचित खाली, फुलपाखराच्या आकाराची एक ग्रंथी असते. तिचे वजन जेमतेम दीड-दोन तोळे. परंतु संपूर्ण शरीराच्या खर्चाचा वेग तीच ठरवते. अन्नातून येणारे आयोडीन घेऊन ती जे संप्रेरक तयार करते, ते कमी पडले तर माणूस मंदावतो, स्थूल होतो, त्याला थंडी सोसवत नाही. तेच प्रमाणाबाहेर तयार झाले तर छाती धडधडते, हात थरथरतात, घाम सुटतो, झोप उडते आणि पोटभर जेवूनही वजन घटत जाते. आज ‘थायरॉइड’ हा शब्द घरोघरी पोहोचला आहे. मात्र ‘त्यांना थायरॉइड आहे’ एवढ्यावरून काहीच कळत नाही. या दोन विकारांचे उपचार परस्परांच्या अगदी उलट आहेत. म्हणूनच जावेची गोळी नणंदेने घेणे हा धोक्याचा व्यवहार ठरतो.

अतिक्रियाशील थायरॉइडचे सर्वांत मोठे कारण ‘ग्रेव्हज’ या नावाने ओळखले जाते. डब्लिनचे वैद्य रॉबर्ट ग्रेव्हज यांनी १८३५ साली या विकाराचे वर्णन केले. यात शरीराची संरक्षणयंत्रणाच चुकते आणि ग्रंथीला अविरत ‘काम कर’ असा खोटा हुकूम देणारी प्रतिपिंडे निर्माण करते. हा विकार पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये कितीतरी अधिक आढळतो. घरात मात्र त्याची लक्षणे स्वभावाच्या खात्यावर जमा होतात. सून चिडचिडी झाली, सासूबाई उगाच काळजी करतात, असे म्हणून महिने उलटतात. आणि तोवर हृदयाचे ठोके अनियमित होऊ लागतात, हाडेही ठिसूळ होतात.

जुन्या काळी यावर शस्त्रक्रिया हाच मुख्य उपाय होता. ती सुरक्षित करण्यात स्वित्झर्लंडमधील बर्न येथील शल्यविशारद थिओडोर कोखर यांचा मोठा वाटा असून थायरॉइडवरील कार्यासाठी त्यांना १९०९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. पुढचा टप्पा मात्र एका साध्या प्रश्नातून आला. नोव्हेंबर १९३६ मध्ये बोस्टन येथे भौतिकशास्त्रज्ञ कार्ल कॉम्प्टन यांचे वैद्यकातील भौतिकशास्त्राच्या उपयोगावर व्याख्यान झाले. श्रोत्यांत मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलच्या थायरॉइड विभागाचे तरुण डॉक्टर सॉल हर्ट्झ होते. त्यांनी विचारले, आयोडीन कृत्रिमरीत्या किरणोत्सारी करता येईल काय? विचार असा होता की, ग्रंथी आयोडीन स्वतःहून ओढून घेते. मग त्याच आयोडीनमधून किरण पाठवले तर ते नेमके तिथेच पोहोचतील.

हर्ट्झ आणि भौतिकशास्त्रज्ञ आर्थर रॉबर्ट्स यांनी प्रथम सशांवर प्रयोग केले. मार्च १९४१ मध्ये एका रुग्ण स्त्रीला हे औषध प्रथम देण्यात आले. १९४३ साली हर्ट्झ युद्धकाळात नौदलात रुजू झाले. त्यांच्या पश्चात सहकाऱ्यांनी काम पुढे नेले आणि वेगळा निबंध सिद्ध केला. अखेर मे १९४६ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन्ही निबंध छापले गेले. हर्ट्झ १९५० साली, अवघ्या पंचेचाळिसाव्या वर्षी निवर्तले. श्रेयाचा हा हिशेब त्यांच्या हयातीत पुरता जुळला नाही.

भारतात या उपचाराचे माहेर मुंबईच होय. तुर्भ्याच्या अणुभट्ट्यांमुळे किरणोत्सारी समस्थानिके देशातच तयार होऊ लागली आणि १९६३ साली परळ येथे भाभा अणुसंशोधन केंद्राचे किरणोपचार वैद्यक केंद्र सुरू झाले. ‘अणू’ या शब्दाने आजही पुष्कळ कुटुंबे दचकतात. वस्तुतः औषध गोळीच्या किंवा पेयाच्या रूपाने तोंडाने घ्यायचे असते. आयोडीन-१३१ ची किरणोत्सारिता दर आठ दिवसांनी निम्मी होत जाते. काही दिवस लहान मुले व गर्भवती यांच्यापासून अंतर ठेवावे लागते. गर्भवती आणि अंगावर पाजणाऱ्या मातांना हे औषध देत नाहीत. डोळे बाहेर आल्यासारखे दिसत असतील तर ते डॉक्टरांना आधी सांगावे, कारण हा त्रास वाढू शकतो. परिणाम दिसण्यास दोन-तीन महिने लागतात. पुढे बहुतेकांची ग्रंथी मंदावते आणि थायरॉक्सिनची गोळी आयुष्यभर घ्यावी लागते. हे उपचाराचे अपयश नव्हे; नियंत्रणाबाहेरच्या खर्चाऐवजी ठरावीक हप्ता पत्करण्यासारखे आहे.

अनेकांना आरंभी कार्बिमाझोलसारख्या गोळ्या दिल्या जातात. बरे वाटू लागले म्हणून त्या आपणहून सोडणे घातक ठरते. त्या चालू असताना ताप येऊन घसा दुखू लागला, तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना भेटून रक्तातील पांढऱ्या पेशी तपासाव्यात. क्वचित त्या एकाएकी घटतात.

आपल्या घरांत आणखी एक प्रश्न हमखास येतो, तो तपश्चर्येचा. अठ्ठाईच्या काळात औषध बंद ठेवण्याची प्रथा असते. थायरॉक्सिन शरीरात आठवडाभर टिकून असते, म्हणून एखादा दिवस चुकल्याने लगेच अपाय होत नाही. अतिक्रियाशील थायरॉइडची गोळी थांबली तर मात्र हृदयावर ताण येतो. त्यात उपवासाने घटलेले वजन रोगामुळे घटले की तपामुळे, हेही कळत नाही. म्हणून पच्चक्खाण घेण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा आणि गुरुमहाराजांनाही आजाराची कल्पना द्यावी. नवकारसी करणाऱ्यांनी थायरॉक्सिनची गोळी वेळ झाल्यावर पाण्याबरोबर घ्यावी आणि चहा-नाश्ता अर्धा ते एक तास पुढे ढकलावा. दुकानाच्या वह्यांइतक्याच काळजीने घरातील प्रत्येकाचे रक्ततपासणीचे अहवाल तारीखवार लावून ठेवावेत; डॉक्टर बदलले तरी मागचा हिशेब हाताशी राहतो.