उजेडाच्या मापात पाप



आज स्वयंपाकाचं काही नाही. आज भांडायचं आहे, आणि ते घरातल्याच माणसाशी. त्याचं नाव लिहिणार नाही. माझा पुतण्या आहे, नव्या मुंबईत त्याचं इलेक्ट्रॉनिक वस्तूंचं दुकान आहे, आणि मी त्याला लहानपणी मांडीवर घेऊन णमोकार मंत्र शिकवला आहे. म्हणून तर जास्त लागलं.

गोष्ट प्रोजेक्टरची आहे. आमच्या ह्यांना दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला. आता बरे आहेत, पण थिएटरच्या जिन्याची आणि तीन तास एका खुर्चीत बसण्याची हिंमत उरलेली नाही. आम्ही दोघंही जयसिंगपूरकडचे. आमच्या लहानपणी जत्रेत तंबू लागायचा, पांढरा पडदा ताणायचे, मागून यंत्राची करकर ऐकू यायची. ह्यांच्या मनात एवढंच होतं की तसं भिंतीएवढं चित्र घरात बघावं. कोल्हापूरच्या माणसाला सिनेमा काही परका नाही. बाबूराव पेंटरांनी कॅमेरा तिथेच बनवला, प्रभात कंपनी १९२९ साली तिथेच सुरू झाली, आणि तिच्या संस्थापकांपैकी एक, व्ही. शांताराम, कोल्हापूरच्या जैन घरातलेच.

२२ सप्टेंबर २०२५ पासून प्रोजेक्टरवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला. दिवाळीनंतर ह्यांनी पुतण्याला फोन केला. त्याने घरपोच खोकं पाठवलं. किंमत ११,५००. खोक्यावर ठळक अक्षरात: ९,५०० ल्यूमेन, फोर-के. मी म्हटलं, वा, स्वस्तात काम झालं.

रात्री लावला. ट्यूबलाइट चालू असताना भिंतीवर काही दिसेचना. दिवे घालवले तर चित्र दिसलं, पण गढूळ पाण्यातून बघावं तसं. हे म्हणाले, "माझेच डोळे गेले गं आता." ते वाक्य मी विसरणार नाही. डोळे गेले नव्हते. माप खोटं होतं.

मी बी.कॉम. आहे, १९८० च्या आसपासची. आयुष्यभर नोकरी केली नाही, पण ताळेबंद वाचायची खोड गेली नाही. आकडा दिसला की तो कुठून आला हे विचारावंसं वाटतं. म्हणून मी शोधलं. ल्यूमेन म्हणजे उजेडाचं माप. प्रोजेक्टरसाठी ते कसं घ्यायचं याची ठरलेली पद्धत आहे, तिला आन्सी म्हणतात. भिंतीवर पूर्ण पांढरं चित्र टाकायचं, त्याचे तीन गुणिले तीन असे नऊ सारखे भाग करायचे, प्रत्येक भागाच्या मध्यावर उजेड मोजायचा, सरासरी काढायची आणि चित्राच्या चौरस मीटरने गुणायचं. संपलं. पाचवीतल्या मुलाला जमेल असं गणित आहे.

ह्यांचे एक स्नेही विजेच्या तपासणीची कामं करायचे. त्यांच्याकडून लक्स मीटर आणला. चित्र दोन मीटर रुंद, सव्वा फूट कमी चार मीटर वगैरे घोळ नको म्हणून नीट मोजून १.१२५ मीटर उंच केलं. क्षेत्रफळ २.२५ चौरस मीटर. नऊ आकडे आले: ५८, ६६, ५७, ७०, ८२, ७१, ५५, ६२, ५५. बेरीज ५७६, सरासरी ६४. ६४ गुणिले २.२५ म्हणजे १४४ ल्यूमेन.

खोक्यावर ९,५००. भिंतीवर १४४. रुपयाला दीड पैसा.

आणि फोर-के? फोर-के म्हणजे सुमारे ८३ लाख ठिपक्यांचं चित्र. या यंत्राच्या आतल्या काचेवर ठिपके होते ९ लाख २१ हजार. माहितीपत्रकात बारीक अक्षरात 'सपोर्ट' असा शब्द होता. म्हणजे फोर-के चित्र आत घेतो आणि बारीक करून टाकतो. दहा लिटर दूध पातेल्यात ओतू देतो, पण पातेलं एक लिटरचं आहे, असा तो सपोर्ट.

मी पुतण्याला फोन केला. तो हसला. "काकू, सगळेच तसं लिहितात. ते आतल्या दिव्याचे ल्यूमेन असतात. गिऱ्हाईक आकडा बघूनच घेतं. मी खरं लिहिलं तर माझा माल कोण उचलणार? आणि छापतो तो मी थोडाच? आयात करणारा छापतो."

आता मी याची एकेक करून उत्तरं देते, कारण हीच उत्तरं आपल्या समाजातल्या पुष्कळ दुकानांतून ऐकू येतात.

पहिलं, 'सगळेच लिहितात'. अरे बाळा, तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्य अणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यातला एक आहे हीनाधिक मानोन्मान, म्हणजे घेताना जास्त आणि देताना कमी माप. दुसरा प्रतिरूपक व्यवहार, म्हणजे खऱ्याच्या जागी खऱ्यासारखं दिसणारं देणं. नीट बघ, खोटं माप सत्य व्रताखाली घातलेलं नाही. अचौर्याखाली घातलं आहे. आचार्यांच्या लेखी ही थाप नव्हे, चोरी आहे. सगळे करतात म्हणून चोरीचं काही वेगळं नाव होत नाही. पर्युषणात उत्तम सत्याच्या दिवशी तू पहिल्या रांगेत बसतोस, ते मी पाहिलं आहे.

दुसरं, 'मी छापत नाही'. आपल्याकडे कृत, कारित आणि अनुमोदित असे तीन शब्द आहेत. स्वतः केलेलं, दुसऱ्याकडून करवलेलं, आणि दुसऱ्याने केलेल्याला मान डोलावलेलं. खोक्यावरचा आकडा खोटा आहे हे ठाऊक असून तू तो बोट ठेवून गिऱ्हाइकाला दाखवतोस. हे अनुमोदन नाही तर काय?

आमचे हे तीस वर्षं न्हावा शेवा बंदरात कस्टम क्लिअरिंगच्या कामात होते. १९८९ साली बंदर सुरू झालं, त्यानंतर लवकरच आम्ही इथे आलो. गच्चीवरून क्रेन दिसतात. देशात येणारी अशी खोकी मोठ्या संख्येने याच दारातून येतात. हे सांगतात, कागदावर नगाची संख्या एकाने चुकली तर फाइल अडते. आणि खोक्यावरचा उजेड पासष्टपट फुगलेला असला तर कुणाचं काही अडत नाही! वाण्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्याला दरवर्षी वैधमापन खात्याचा शिक्का लागतो. पन्नास ग्रॅम साखर कमी दिली तर आपण दुकान डोक्यावर घेतो. उजेड डोळ्यांना दिसतो, पण मोजता येत नाही असं आपण धरून चाललो आहोत, आणि त्यावरच हा धंदा उभा आहे.

तिसरं, 'गिऱ्हाईक आकडा बघूनच घेतं'. याचाच मला सगळ्यात राग येतो, कारण या खोट्याची गरजसुद्धा नाही. चित्रपटगृहातल्या डिजिटल पडद्यावरचा ठरलेला उजेड ४८ निट्स असतो. घरातला १०० इंची पडदा २.२१ मीटर रुंद आणि १.२५ मीटर उंच, म्हणजे २.७६ चौरस मीटर. साध्या पांढऱ्या पडद्यावर तेवढा उजेड पाडायला हिशेबाने ४१६ ल्यूमेन लागतात. फक्त ४१६! पूर्ण अंधार असला तर खरे साडेचारशे-पाचशे ल्यूमेन थिएटरच्या तोडीचं चित्र देतात. मग ९,५०० छापायचं कशाला? खोट्या आकड्यांच्या गर्दीत आज खरे ६०० ल्यूमेन लिहिणारा प्रामाणिक माणूस वेडा ठरतो. खोटं माप गिऱ्हाइकाला लुटतंच, शिवाय शेजारच्या खऱ्या दुकानदाराचंही दुकान बंद पाडतं.

चौथं, 'स्वस्तात आणखी काय मिळणार'. कमी मिळणार हे कबूल. मग कमीच लिहा. १५० ल्यूमेन, लहान मुलांच्या अंधाऱ्या खोलीत ४० इंची चित्रासाठी ठीक, असं लिहा. ज्याला परवडतं तो घेईल. गरिबाला स्वस्त वस्तू विकणं पाप नाही. गरिबाला स्वस्तात श्रीमंती दिली असं भासवणं पाप आहे. हे ११,५०० कुणाची तरी महिन्याची बचत असते.

मी ते खोकं परत केलं. त्याने पैसे दिले, नाही म्हणायला नको. मग आम्ही दुसऱ्या दुकानातून, लावून बघून, दुसरा आणला. सुमारे चौपट किंमत. खोक्यावर ६०० आन्सी ल्यूमेन, आतले ठिपके खरोखर १९२० गुणिले १०८०. घरी मोजला. सरासरी १९० लक्स, म्हणजे सुमारे ५२४ ल्यूमेन. शंभरातले सत्त्याऐंशी. एवढी घट मी समजू शकते.

तुमच्यापैकी कुणी घेणार असाल तर आमचा अनुभव उपयोगी पडेल. आधी टेप घेऊन खोली मोजा, मग दुकानात जा. प्रत्येक यंत्राचा 'थ्रो रेशो' लिहिलेला असतो. तो पडद्याच्या रुंदीने गुणला की यंत्र पडद्यापासून किती लांब ठेवायचं ते कळतं. आमचा १.२ आहे, म्हणून २.२१ गुणिले १.२, म्हणजे सुमारे पावणेनऊ फूट. दहा फुटी खोलीत जेमतेम बसतं. यंत्र पडद्याच्या बरोबर समोर ठेवा. तिरकं ठेवून बटणाने चित्र चौकोनी करता येतं, पण त्यात ठिपके वाया जातात आणि अक्षरं पुसट होतात. भिंत कितीही गुळगुळीत वाटली तरी थापीचे उंचवटे चित्रात उठून दिसतात, म्हणून साधा मॅट पांढरा पडदा घ्या. आवाज यंत्राच्या पोटातून येतो आणि तो पाठीमागून आला की विचित्र वाटतं. आम्ही जुना स्टिरिओ पडद्याखाली ठेवला आणि वायरने जोडला, कारण ब्लूटूथने ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतात. आणि मुख्य खर्च अंधाराचा. प्रोजेक्टर काळा रंग टाकू शकत नाही. चित्रातला काळा म्हणजे तिथे उजेड न पडणं, एवढंच. खिडकीला जाड अस्तराचे पडदे लावले, त्याने जो फरक पडला तो आणखी दहा हजार खर्चूनही पडला नसता.

आपल्या घरांसाठी एक वेगळी गोष्ट. अंधाऱ्या खोलीतला पांढरा पडदा म्हणजे किड्यांना आमंत्रण. यंत्राचा पंखा त्यांना आत ओढतो. म्हणून सूर्यास्ताआधी खिडकी लावायची, जाळी बारीक हवी, आणि चातुर्मासात यंत्र झाकून कपाटात. खाडीच्या दमट खाऱ्या हवेत ते यंत्राच्याही भल्याचं आहे.

आता मंडळातल्या दोघीतिघी म्हणाल्या, "सिनेमाचं यंत्र घरात आणायचं आणि वर धर्माच्या गोष्टी करायच्या?" प्रश्न रास्त आहे. माझं परिग्रह-परिमाण आहे. हा आला तेव्हा मोठा टीव्ही बाहेर गेला. आठवड्यातून दोन दिवस, जेवण सूर्यास्ताआधी आटोपलेलं असतं, त्यामुळे साडेसात ते साडेनऊ. हा भोगोपभोग आहे, हे मी नाकारत नाही. पण मी तो मर्यादेत आणि मोजून घेतला आहे. मला उलट विचारायचं आहे. माझ्या घरातल्या पडद्याची तुम्हाला एवढी काळजी, मग आपल्याच माणसांच्या दुकानातल्या खोट्या मापाबद्दल मंडळात एकदा तरी विषय निघाला का? कंदमूळ खाल्लं की बोट दाखवायचं, आणि मापात मारलं की "धंदा आहे" म्हणायचं, हे मला पटत नाही.

मी मंडळात बोलले तेव्हा मला सांगितलं गेलं, घरातलं घरात ठेवा. मोठ्या जाऊबाई महिनाभर बोलल्या नाहीत. संक्रांतीला पुतण्या तिळगूळ घ्यायला आला नाही. मी डबा पाठवला, तो रिकामा होऊन परत आला, आत चिठ्ठी नाही. वाईट वाटतं. पण ह्यांनी त्या रात्री स्वतःच्या डोळ्यांना दोष दिला, ते मला त्याहून वाईट वाटतं.

ज्यांची फसगत झाली आहे त्यांनी गप्प बसू नका. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात फसव्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा केली तर पन्नास लाखांपर्यंत. दुकानात तीनच प्रश्न विचारा: आन्सी ल्यूमेन किती, आतले खरे ठिपके किती, आणि आत्ता दिवे लावून दाखवता का?

आणि पुतण्या, तू हे वाचणार हे मला माहीत आहे. मी तुझं दुकान बंद कर म्हणत नाही. नऊ जागी मोज, गुणाकार कर, आणि जो आकडा येईल तो कागदावर लिहून प्रत्येक खोक्यावर चिकटव. मीटर माझ्याकडेच आहे. बोलावशील त्या दिवशी काकू बसने येईल, येण्याजाण्याचा खर्चही मागणार नाही. मापं झाली की तुझ्याकडेच चहा घेऊ, फक्त सूर्यास्ताच्या आत.