काट्यावरून जरा ताटाकडे

बाईला दिवस गेले की घरातल्या झाडून सगळ्यांना आहारशास्त्र येऊ लागतं. ती मुळातच अंगानं भरलेली असेल तर विचारायलाच नको. सकाळी फोनवर आई बजावते, "आता दोन जिवांची आहेस, पोटभर खात जा आणि उगाच हिंडूफिरू नकोस." दुपारी डबा खाताना ऑफिसातली मैत्रीण म्हणते, "अगं, भात-पोळी आत्ताच बंद कर, नंतर उतरत नाही." संध्याकाळी तपासणीच्या रांगेत काट्यावर उभं केल्यावर नर्स सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारते, "एवढं कसं वाढवलंत?" तिघींनाही तिचं भलंच हवं असतं. तरीही तिघीही तिला चुकीच्या वाटेला लावत असतात.

या लेखाचं म्हणणं थोडक्यात असं: जिचं वजन आधीच जास्त आहे अशा गरोदर बाईला खाऊ घालून फुगवायचंही नाही आणि उपाशी ठेवून वाळवायचंही नाही. तिचं वजन संथ वाढू द्यायचं, खाण्याचा कस वाढवायचा, रोज बेताची हालचाल करायची. आणि हे सगळं तिच्या एकटीच्या मनोनिग्रहावर सोडून मोकळं व्हायचं नाही.

प्रश्न मूठभर शहरी बायकांचा राहिलेला नाही. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातल्या १५ ते ४९ वयाच्या २४ टक्के स्त्रियांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचं माप, २५ किंवा त्याहून जास्त आहे. शिवाय भारतीयांच्या अंगात कमी वजनातही चरबी जास्त असते. म्हणून आपल्या तज्ज्ञांनी जादा वजनाची रेषा २३ वर आणि लठ्ठपणाची २५ वर आणून ठेवली आहे. पाच फूट दोन इंच उंचीच्या, ७२ किलो वजनाच्या बाईचा बीएमआय २९ भरतो. जगाच्या मापानं ती जादा वजनाची, आपल्या मापानं लठ्ठ. अशा बाईला गरोदरपणात मधुमेह, रक्तदाब, मोठं बाळ, सिझेरियन यांचा धोका जास्त असतो, हे खरंच आहे. वाद आहे तो उपायाबद्दल.

पहिला पक्ष 'दोघांचं खा' म्हणणाऱ्यांचा. या सल्ल्याची टिंगल करायचं कारण नाही. घरात सगळ्यांची जेवणं झाल्यावर उरलंसुरलं खाणाऱ्या, दिवसभर शेतात राबून संध्याकाळी पाणी भरणाऱ्या सुनेच्या ताटात चार घास जास्त पडावेत म्हणून कुणा शहाण्या सासूनं तो दिला असेल, तर तिला दंडवत. पण तो सल्ला त्या सुनेसाठी होता. आठ तास खुर्चीवर बसणाऱ्या, ७२ किलोंच्या मुलीला तो जसाच्या तसा लागू कसा पडेल?

हिशेबच मांडू. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२०च्या शिफारशीत गरोदर बाईला रोज ३५० किलोकॅलरी जास्त सांगितल्या आहेत, आणि त्याही ५५ किलो वजनाची स्त्री डोळ्यांसमोर ठेवून. ब्रिटनमधल्या सल्ल्यानुसार तर पहिले सहा महिने जादा ऊर्जेची गरजच नसते, शेवटच्या तीन महिन्यांत दिवसाला सुमारे २०० पुरतात. आता ३५० म्हणजे ताटात किती? एक पेला दूध, एक ज्वारीची भाकरी आणि वाटीभर मटकीची उसळ, बस्स. तुपातले दोन मोठे डिंकाचे लाडू खाल्ले तरी तेवढीच ऊर्जा मिळते. मात्र उसळ-भाकरीतून मिळणारी प्रथिनं त्यात नाहीत, आणि लाडू खाल्ल्यावर जेवण कुणी सोडत नाही.

वजन किती वाढावं यालाही मापं आहेत. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिननं २००९ मध्ये ती ठरवून दिली आणि आजही बहुतेक डॉक्टर तीच वापरतात. बीएमआय २५ ते ३० च्या दरम्यान असेल तर पूर्ण गरोदरपणात ७ ते साडेअकरा किलो, ३० किंवा त्यापुढे असेल तर ५ ते ९ किलो. हे आकडे कुठून आले ते बेरीज केली की कळतं. दिवस भरलेलं बाळ आपल्याकडे पावणेतीन-तीन किलोचं, वार अर्धा-पाऊण किलो, गर्भजल पाऊण ते एक किलो, वाढलेली पिशवी किलोभर, आणि वाढलेलं रक्त व अंगातलं पाणी मिळून तीनेक किलो. झाले आठ-नऊ किलो. याउपर शरीर पुढे दूध पाजण्यासाठी चरबी साठवतं. जिच्याकडे हा साठा आधीपासून आहे, तिला तो नव्यानं कशाला हवा?

दुसरा पक्ष नेमकं हेच वाक्य उचलतो आणि म्हणतो, "मग उतरवूच की वजन! साठा आहे ना अंगावर, बाळ त्यातून घेईल." ऐकायला तर्कशुद्ध वाटतं, पण यातला तर्क लंगडा आहे. अंगावरच्या साठ्यात ऊर्जा असते. लोह, फॉलिक ॲसिड, बी-१२, कॅल्शियम आणि प्रथिनं त्या चरबीतून निघत नाहीत. त्याच सर्वेक्षणात देशातल्या निम्म्याहून जास्त, ५२ टक्के गरोदर स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता. जाड बाईला रक्त कमी नसतं हा आपला गोड गैरसमज आहे. भरल्या अंगाची आणि फिक्या डोळ्यांची बाई कुठल्याही बाह्यरुग्ण विभागात रोज दिसते.

गरोदर शरीराला उपाशी राहणं लवकर बाधतं. एरवीपेक्षा कमी तासांत साखर उतरते आणि शरीर चरबी जाळून कीटोन तयार करू लागतं. त्यामुळे कीटो डाएट, सोळा तासांचे उपास, फक्त सूप आणि सॅलडवर काढलेले दिवस हे प्रयोग या नऊ महिन्यांत करायचे नसतात. लठ्ठ स्त्रियांचं वजन गरोदरपणात घटलं, तर वाढ खुंटलेली बाळं जन्मण्याचं प्रमाण वाढतं असं दिसून आलं आहे. वजन उतरवण्याची जी इंजेक्शनं सध्या गाजताहेत, तीही गरोदरपणात चालत नाहीत. त्यांतलं सेमाग्लुटाइड तर दिवस राहण्याच्या किमान दोन महिने आधी बंद करावं लागतं. आपले जुने उपासही या कामाचे नाहीत. दिवसभर काही नाही आणि मग साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, रताळी. एकादशी आणि दुप्पट खाशी! साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ स्टार्च. ज्या बाईची साखर आधीच काठावर आहे तिला याहून वाईट जेवण शोधून सापडणार नाही.

तिसरा पक्ष विश्रांतीवाल्यांचा. "वजन जास्त, त्यात पोटुशी, जिने चढू नकोस, वाकू नकोस, पडून राहा." गरोदरपणात रक्त गोठण्याचा धोका मुळातच वाढलेला असतो, वजनामुळे त्यात भर पडते आणि पडून राहिल्यानं आणखी. डॉक्टरांनी नेमकं कारण सांगून विश्रांती दिली असेल तर गोष्ट वेगळी. निव्वळ काळजीपोटी लादलेली खाट ही सेवा नसून अपाय आहे.

याच्या अगदी उलट टोकाला हल्ली मोबाइलवर एक पंथ फोफावला आहे. "आपल्या आज्या जातं ओढायच्या, बसून फरशी पुसायच्या, म्हणून त्यांची बाळंतपणं नॉर्मल व्हायची." त्या आज्यांपैकी किती जणी बाळंतपणातच गेल्या, हे मात्र कुणी सांगत नाही. अगदी १९९७-९८ मध्येसुद्धा देशात एक लाख जिवंत जन्मांमागे सुमारे ३९८ माता दगावत होत्या. २०१८-२० मध्ये हा आकडा ९७ वर आला. तो दवाखान्यांमुळे, रक्तपेढ्यांमुळे, वेळेवर झालेल्या शस्त्रक्रियांमुळे, जात्यानं नव्हे. शिवाय राबणं आणि व्यायाम यांत फरक आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर स्त्रियांचा अभ्यास केला. त्यात शेतातली जड कामं करणाऱ्या बायांची बाळं लहान असल्याचं आढळलं. दमून जाणं हे काही व्यायामाचं माप नव्हे.

त्याच अभ्यासातला दुसरा निष्कर्ष मला जास्त मोलाचा वाटतो. आईनं एकूण किती ऊर्जा आणि किती प्रथिनं पोटात घातली याच्याशी बाळाच्या आकाराचा फारसा संबंध लागला नाही. संबंध लागला तो ती दूध, पालेभाज्या आणि फळं किती वेळा खाते याच्याशी. त्या बाया किडकिडीत होत्या, हे खरं. पण पुढे मुंबईच्या झोपडवस्त्यांमध्ये दिवस राहण्याआधीपासून रोज पालेभाजी, फळं आणि दूध घातलेला एक खाऊ देऊन पाहिला, तेव्हा गरोदरपणातला मधुमेह तुलनेच्या गटात १२.४ टक्के, तर हा खाऊ खाणाऱ्या बायांमध्ये ७.३ टक्के आढळला. कमी खा किंवा जास्त खा असं कुणी या बायांना सांगितलं नव्हतं. खाण्याचा कस तेवढा वाढवला होता.

खंडन झालं, आता मंडनाकडे वळू. ताटात अर्धी जागा भाज्या आणि कोशिंबिरीला. उसळ, घट्ट वरण, अंडं, मासे किंवा पनीर यांपैकी एक काही प्रत्येक जेवणात. भात बंद करायची गरज नाही, भाताचा डोंगर करायचा नाही इतकंच. भात आणि पोळी दोन्ही पोटभर घेण्यापेक्षा एका वेळी एक. पोह्यांत मटार, शेंगदाणे घालावेत, सोबत वाटीभर दही घ्यावं. रस काढून पिण्यापेक्षा फळ चावून खावं. तीन जेवणं आणि मध्ये दोनदा थोडं खाणं, उपाशीपोटी लांब खंड नाही. लोहाची गोळी चहाबरोबर किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घ्यायची नाही, दोन्हींमध्ये अंतर ठेवायचं. चौथ्या महिन्यापासून आठवड्याला पाव किलोच्या आसपास वजन वाढत असेल तर गाडी रुळावर आहे.

हालचालीबाबत जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं सांगते. पण ज्या बाईनं आजवर व्यायामच केलेला नाही तिनं आठवड्यातून तीनदा, पंधरा-पंधरा मिनिटांच्या चालण्यापासून सुरुवात करावी आणि हळूहळू रोजच्या अर्ध्या तासापर्यंत यावं. जेवणानंतर दहा-दहा मिनिटं असे तीन तुकडे केले तरी चालतं, साखरेच्या दृष्टीनं ते चांगलंच. वेग असा हवा की चालता चालता बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये. पोहणं, स्थिर सायकल, हलकी वजनंही चालतात. श्वास रोखायचे प्रकार, उताणं पडून बराच वेळ करायचे व्यायाम आणि पडण्याची भीती असलेले खेळ टाळावेत.

मात्र अंगावरून रक्त जात असेल, पाणी जात असेल, वार खाली असेल, पिशवीला टाका घातला असेल, रक्तदाब वाढलेला असेल, रक्तक्षय तीव्र असेल किंवा हृदयाचा, फुप्फुसाचा गंभीर आजार असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीही सुरू करू नये. चालताना चक्कर आली, छातीत दुखलं, एकाच पायाची पोटरी दुखून सुजली किंवा कळा सुरू झाल्या, तर तिथेच थांबून दवाखाना गाठावा. बाळाची हालचाल कमी वाटली, तर सकाळची वाट पाहू नये.

इथे प्रतिपक्षाचा एक बिनतोड वाटणारा आक्षेप येतो: एवढं सगळं करून फरक किती पडतो? २०१७ मध्ये ३६ चाचण्यांमधल्या साडेबारा हजार गरोदर स्त्रियांची माहिती एकत्र करून पाहिली, तेव्हा आहार-व्यायामाच्या सल्ल्यानं वजनवाढ सरासरी अवघी ७०० ग्रॅमनं कमी झाली होती. आकडा खरा आहे आणि तो लपवायचं कारण नाही. पण त्याच चाचण्यांत सिझेरियनचं प्रमाणही थोडं घटलं आणि बाळांना अपाय झाल्याचं दिसलं नाही. किलोच मोजायचे ठरवले तर निराशा ठरलेली. ताट आणि चालणं सुधारायचं ते साखर, रक्तदाब, रक्त आणि बाईची ताकद यांच्यासाठी. आणि नऊ महिन्यांत फरक थोडा पडतो, म्हणूनच सुरुवात दिवस राहण्याआधी व्हायला हवी.

राहता राहिला काट्यापाशी ऐकवलेला टोमणा. ज्या बाईला दर खेपेला लाज वाटते ती पुढची खेप चुकवते, आणि जादा वजनाच्या बाईला तर तपासण्या अधिक काटेकोर हव्यात. ७५ ग्रॅम ग्लुकोजचं पाणी पिऊन दोन तासांनी होणारी साखरेची चाचणी पहिल्याच भेटीत आणि ती ठीक आली तर २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा, हा सरकारी नियम आहे. दोन तासांनंतरचा आकडा १४० किंवा वर असेल तर मधुमेह धरतात. रक्तदाब मोजताना जाड दंडाला नेहमीचा लहान पट्टा लावला तर आकडा खोटा वाढतो. तेव्हा मोठा पट्टा मागून घ्यावा, त्यात संकोच कसला? दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात सरकारी दवाखान्यांत मोफत तपासणी होते, तिचाही लाभ घ्यावा.

घरच्यांना सांगणं एवढंच. तिला वेगळं 'डाएटचं' जेवण वाढू नका, तेच ताट सगळ्यांनी जेवा. डोहाळजेवण हौसेनं करा, पण महिनाभर रोज डोहाळजेवण नको. जेवणानंतरच्या दहा मिनिटांत ओटा नवऱ्यानं आवरावा म्हणजे तिला चालायला जाता येईल, किंवा दोघांनी मिळून चालावं. बाळंतपणानंतर लाडवांचे डबे भरण्याआधी तिची साखर सहा आठवड्यांनी पुन्हा तपासून घ्या, कारण गरोदरपणात मधुमेह झालेल्या बाईला पुढे कायमचा मधुमेह होण्याचा धोका कितीतरी पटींनी जास्त असतो. तिच्या वजनाचा हिशेब विचारायचा हक्क फक्त त्यालाच आहे, जो तिच्या ताटाची आणि वेळेची सोय करतो.