वेशीवरची मक्तेदारी

आंबेगाव तालुक्यातील अवसरी बुद्रुकच्या शेतकऱ्याने आपल्या खरिपाच्या पिकाची नोंद सातबाऱ्यावर स्वतः करावी, यासाठी राज्य शासनाने १५ ऑगस्ट २०२१ पासून 'ई-पीक पाहणी' हे अ‍ॅप सुरू केले. पीककर्ज, विमा, अतिवृष्टीची भरपाई या साऱ्यांना या नोंदीचा आधार लागतो. हे अ‍ॅप मिळते गूगल कंपनीच्या 'प्ले स्टोअर'मधून. म्हणजे महसूल खात्याचे दप्तर आणि शेतकरी यांच्यामध्ये एका परदेशी कंपनीची वेस उभी राहिली आहे. तेथून आत शिरताना शेतकऱ्याकडे कोणी पैसे मागत नाही. म्हणून ती वेस आहे हेही कोणाच्या ध्यानात येत नाही.

भारतीय स्पर्धा आयोगाने २० ऑक्टोबर २०२२ रोजी या कंपनीला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला, तेव्हा चर्चा झाली ती मुख्यतः आकड्याची. वस्तुतः निकालाचा गाभा आकड्यात नव्हता. अँड्रॉइड ही प्रणाली फुकट आहे आणि तिचा मूळ आराखडा कोणालाही घेता येतो, असा कंपनीचा दावा. तो खोटाही नाही. पण प्ले स्टोअर नसलेला फोन भारतात विकला जात नाही, आणि प्ले स्टोअर हवे तर कंपनीची शोधसेवा, ब्राउझर, यूट्यूब असा सारा संच आधीच बसवून, ठरलेल्या जागी ठेवून द्यावा लागे. शिवाय अँड्रॉइडमध्ये स्वतःचे फेरफार करून वेगळे फोन काढणार नाही, असे उत्पादकाकडून लिहून घेतले जाई. शोधसेवेत दुसऱ्या कोणाला थारा न देणाऱ्यास उत्पन्नातील वाटा मिळे. एक वस्तू फुकट द्यायची, दुसरी अपरिहार्य करायची आणि त्या अपरिहार्य वस्तूच्या अटीवर बाकीची सारी दुकानदारी चालवायची, अशी ही रचना आयोगाने उघड केली. युरोपीय आयोगाने २०१८ मध्ये जवळजवळ याच कारणांसाठी ४.३४ अब्ज युरोचा दंड केला होता.

अवसरीच्या शेतकऱ्याला या व्यवहाराचे मर्म कायद्याच्या पंडिताहून लवकर कळेल. मंचरच्या बाजारात तो माल नेतो. तेथील आवार, लिलावाचा ओटा, वजनकाटा आणि बाहेर पडण्याचा रस्ता हे सारे एकाच व्यापाऱ्याच्या मालकीचे असते, आणि त्याच ओट्यावर तो स्वतःचाही माल विकत असता, तर? असे होऊ नये म्हणून तर महाराष्ट्राने १९६३ मध्ये कृषी उत्पन्न बाजाराचा कायदा केला. परवाने, उघड लिलाव, मापाड्याचे तोलणे अशी बंधने घातली. त्या समित्यांचे पुढे काय झाले तो विषय निराळा. तेथेही मूठभरांचे राज्य आले हे नाकारण्यात अर्थ नाही. पण बाजाराचे आवार सार्वजनिक असावे, हे तत्त्व तरी मान्य झाले होते. २०१६ मध्ये फळे-भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यावी असे शासनाने ठरविले. प्ले स्टोअरवर सशुल्क सेवा विकणाऱ्याकडून मात्र १५ ते ३० टक्के अडत घेतली जात होती आणि पैसेही कंपनीच्याच खिडकीत भरावे लागत होते. शेजारच्या अवसरी खुर्दमध्ये शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तेथे शिकून उद्या एखाद्याने स्वतःचे अ‍ॅप विकावयास काढले, तर त्याची पहिली गाठ याच अडत्याशी पडणार.

या वसुलीबद्दल आयोगाने २५ ऑक्टोबर २०२२ रोजी आणखी ९३६.४४ कोटींचा दंड ठोठावला. अपिलीय न्यायाधिकरणाने मार्च २०२५ मध्ये तो २१६.६९ कोटींवर आणला. दरम्यान १ मार्च २०२४ रोजी, शुल्काच्या वादातून, कंपनीने दहा भारतीय कंपन्यांची अ‍ॅप स्टोअरमधून काढून टाकली होती. विवाह जुळविणारी, नोकऱ्या व घरे शोधून देणारी ती प्रसिद्ध अ‍ॅप होती. केंद्रीय मंत्र्यांनी मध्यस्थी केली आणि काही दिवसांत ती परत आली. न्यायालयाचा आदेश नसता एका सकाळी दुकान बंद होते आणि मंत्र्याच्या शब्दाने उघडते, यातील पहिली गोष्ट चिंताजनक खरीच. दुसरीही कमी चिंताजनक नाही.

कंपनीची बाजू अगदीच पोकळ आहे असे मात्र नव्हे. प्रत्येक उत्पादकाने आपली निराळी अँड्रॉइड काढली तर एकावर चालणारे अ‍ॅप दुसऱ्यावर चालणार नाही, लबाड अ‍ॅपचा सुळसुळाट होईल आणि स्वस्त फोन महाग होतील, असे तिचे म्हणणे. पहिल्या प्रकरणात सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड (हे घराणे शेजारच्या खेड तालुक्यातील कनेरसरचे) यांच्या खंडपीठाने १९ जानेवारी २०२३ रोजी स्थगिती नाकारली. त्यानंतर कंपनीने उत्पादकांना अ‍ॅप सुटी घेण्याची आणि ग्राहकाला शोधसेवा निवडण्याची मुभा जाहीर केली. परंतु २९ मार्च २०२३ रोजी न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवताना आयोगाचे चार आदेश रद्द केले. प्ले स्टोअरमध्ये दुसऱ्यांच्या अ‍ॅप-दुकानांना जागा द्या, हा त्यांतील एक. दंड भरणे अशा कंपनीला जड नाही. जड गेला असता तो हाच आदेश. अमेरिकेत नेमके उलट घडले. तेथे ज्यूरीने डिसेंबर २०२३ मध्ये कंपनीविरुद्ध कौल दिला, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये न्यायाधीशांनी प्रतिस्पर्धी दुकाने प्ले स्टोअरमधूनच उपलब्ध करून द्या असे फर्माविले. जुलै २०२५ मध्ये अपील न्यायालयाने ते उचलून धरले.

आयोग, न्यायाधिकरण, सर्वोच्च न्यायालय या साऱ्यांवर भार टाकून शासनाला मोकळे होता येणार नाही. मक्तेदारी वाढते ती सवयीने, आणि सवय लावण्यात सरकारइतका समर्थ दुसरा कोणी नसतो. या राज्यातील शिक्षक व कारकून एमएस-सीआयटीच्या परीक्षेला बसले, तेव्हा संगणक म्हणजे मायक्रोसॉफ्टचे विंडोज आणि ऑफिस हेच ते शिकले. ज्या कंपनीने बेकायदा मार्गांनी मक्तेदारी राखली असे अमेरिकेच्या अपील न्यायालयाने जून २००१ मध्ये म्हटले, तिचीच साधने येथे साक्षरतेची व्याख्या ठरली. केरळने आपल्या शाळांत मुक्त प्रणालीचा मार्ग धरला. त्यामुळे तेथील विद्यार्थी मागे पडले असे कोणी म्हणत नाही.

आता तीच चाल फोनवर चालू आहे. अंगणवाडीच्या नोंदी, शाळेतील हजेरी, पिकाची पाहणी, प्रत्येक खाते आपले अ‍ॅप काढते आणि कर्मचाऱ्यांना ते प्ले स्टोअरवरून उतरवून घेण्यास सांगते. वास्तविक केंद्र सरकारचे 'मोबाइल सेवा' हे स्वतःचे अ‍ॅप-दुकान आहे. ते उभारणाऱ्या 'सी-डॅक'चे मुख्यालय अवसरीपासून फार दूर नाही, पुण्यातच आहे. साध्या संकेतस्थळावर अर्ज भरण्याची सोय ठेवणेही अवघड नाही. शासकीय कामाचे प्रत्येक अ‍ॅप किमान दोन वाटांनी मिळाले पाहिजे, एवढे परिपत्रक काढण्यास स्पर्धा आयोगाच्या निकालाची वाट पाहावी लागत नाही. महसूल आणि शिक्षण या दोन खात्यांनी ते काढले तरी अवसरीच्या शेतकऱ्याला आणि तेथील शिक्षकाला दुसरा रस्ता मिळेल.