आलेख म्हणजे फोटो नव्हे

प्रबंध असो की संस्थेचा वार्षिक अहवाल, काही आलेख पाहताक्षणी कळतं की ते जेपेगमध्ये सेव्ह झालेत. अक्षावरचे आकडे अंधुक, रेघेच्या कडेला करडी धूळ. शिव्या मात्र प्रिंटर खातो.

जेपेग हे १९९२चं मानक फोटोंसाठीच बेतलेलं. ते चित्राचे आठ बाय आठ पिक्सेलचे चौकोन पाडतं, प्रत्येक चौकोनातले चढउतार लाटांच्या रूपात मांडतं आणि डोळ्याला फारशा न जाणवणाऱ्या बारीक लाटांवर कात्री चालवतं. यामागचं गणित बंगळुरूत जन्मलेल्या नासिर अहमद यांनी नटराजन आणि राव यांच्यासह १९७४ साली प्रसिद्ध केलं. चेहरा, आभाळ, झाडी यांत ही काटछाट सहज खपते. आलेखात एक पिक्सेल पांढरा, तर शेजारचा थेट काळा. अशी धारदार कड उभी करायला नेमक्या त्या बारीक लाटाच लागतात. त्या छाटल्या की उरलेल्यांचे तरंग चौकोनभर पसरतात. आकड्यांभोवतीची धूळ ती हीच. पातळ लाल रेघेचे तर जास्तच हाल, कारण रंगाचा तपशील जेपेग बहुधा आणखी ढोबळ करून ठेवतं.

आलेखाला मानवतं ते पीएनजी. त्याचा जन्म भांडणातून झाला. गिफमधल्या पेटंटसाठी युनिसिस कंपनीने १९९४च्या अखेरीस पैसे मागितले, आणि चिडलेल्या प्रोग्रामरांनी नवा फॉरमॅटच उभा केला. एखाद्या पेटंटने जगाचं इतकं भलं क्वचितच केलं असेल! पीएनजीत पुन्हा येणारा मजकूर नव्याने न लिहिता ‘मागचंच’ एवढी खूण केली जाते. आलेखातलं पांढरं मैदान त्यामुळे जवळजवळ फुकटात मावतं, आणि एकही पिक्सेल बदलत नाही. साध्या आलेखाची पीएनजी फाइल अनेकदा जेपेगपेक्षा लहानही निघते.

छापायचं असेल तर एसव्हीजी किंवा पीडीएफ घ्या. त्यांत पिक्सेल नव्हे, रेघाच नोंदलेल्या असतात. कितीही मोठं करा, फाटत नाही. अपवाद लाखभर ठिपक्यांच्या आलेखाचा. तिथे प्रत्येक ठिपक्याची वेगळी नोंद होऊन फाइल उघडता उघडत नाही. मग ३०० डीपीआयची पीएनजीच बरी.

व्हॉट्सअॅपवर पाठवताना आलेख फोटो म्हणून नव्हे, डॉक्युमेंट म्हणून जोडा. आणि बिघडलेलं जेपेग पीएनजीत बदलून काही साधत नाही, कारण पीएनजी ती धूळही तितक्याच इमानाने जपतं. मूळ एक्सेल फाइल शोधा, आलेख तिथूनच पुन्हा सेव्ह करा.