आकाशातला दिवा आणि गच्चीवरची लेझर बॅटरी



"मामा, लवकर वर चला, उडती तबकडी आलीय!" असे ओरडत माझा भाचा गच्चीवरून धावत खाली आला, तेव्हा मी डोंबिवली पूर्वेला बहिणीच्या घरी नुकताच जेवायला बसलो होतो. ताट तसेच ठेवून वर गेलो. गच्चीवर सात-आठ पोरे जमलेली. मलंगगडाच्या बाजूला, डोंगराच्या रेषेच्या जरा वर, एक पांढरा शुभ्र दिवा लटकलेला. हलत नव्हता, आवाज नव्हता. एका पोराच्या हातात हिरव्या उजेडाची लेझर बॅटरी होती. जयंतीच्या मिरवणुकीत नाचताना हवी म्हणून लोकलमध्ये फेरीवाल्याकडून घेतलेली. त्याने ती त्या दिव्यावर रोखली आणि तीनदा चालू-बंद केली.

"बघा मामा, तिकडून उत्तर येतंय!"

आणि खरोखरच तिकडे काहीतरी लुकलुकले. पोरांच्या अंगावर काटा आला. माझ्याही आला, खोटे कशाला बोलू? पण दोनेक मिनिटांत तो दिवा वळला, मंद झाला, त्याच्या कडेला हिरवा ठिपका दिसू लागला आणि कान दिल्यावर बारीक घरघर ऐकू आली. तबकडी मुंबईच्या विमानतळाकडे उतरायला निघाली होती. पोरे पोट धरून हसली. मला मात्र हसू आले नाही.

विमान हलत कसे नव्हते, हे आधी सांगतो, कारण खरा घोटाळा तिथेच आहे. पूर्वेकडून येणारी पुष्कळ विमाने नवी मुंबईच्या वरून, ठाण्याची खाडी ओलांडून, घाटकोपर-कुर्ल्यावरून धावपट्टीवर उतरतात. त्या रांगेत शिरण्याआधी विमानाचे तोंड काही वेळ आपल्याकडे असते. उतरतानाचे पुढचे प्रखर दिवे लावलेले असतात. आपल्याच रोखाने येणारी वस्तू बाजूला सरकताना दिसत नाही, फक्त थोडी मोठी होत जाते. अंतर दहा-पंधरा किलोमीटर, म्हणून आवाजही नाही. आणि ते "उत्तर"? प्रत्येक विमानाला ठरावीक वेळाने लुकलुकणारे दिवे असतातच. आपण बॅटरी मारली काय, न मारली काय, ते लुकलुकणारच.

पण आपण मारलेला उजेड मात्र तिथे पोहोचतो. ही बॅटरी साध्या टॉर्चसारखी नाही. टॉर्चचा झोत समोरच्या इमारतीपर्यंत जाईतो विरून जातो. हातातल्या लेझरचा झोत साधारण एका किलोमीटरवर एक मीटर रुंद होतो, म्हणजे मुंगीएवढा ठिपका तिथे दाराएवढा होतो. ५ मिलिवॅटच्या साध्या हिरव्या लेझरनेही सुमारे साडेतीन किलोमीटरवरच्या वैमानिकाचे लक्ष उडू शकते. बाजारातल्या बॅटरीवर लिहिलेला आकडा मुळीच खरा धरू नये. ती वीसपट ताकदीची निघाली, तर तेच अंतर सोळा किलोमीटरच्या घरात जाते. शिवाय रात्री आपल्या डोळ्याला हिरवा रंग लाल रंगापेक्षा कितीतरी जास्त भगभगीत वाटतो.

वैमानिक अंधारात बसलेला असतो. बाहेरचे नीट दिसावे म्हणून आतले दिवे मंद केलेले असतात. समोरच्या काचेवरच्या बारीक ओरखड्यांवर झोत पडला की तो फुटतो आणि सगळी काच हिरवीगार होऊन जाते. झोत गेल्यावरही डोळ्यांपुढे काळा डाग राहतो, फोटोच्या फ्लॅशनंतर राहतो तसा. विमान उतरण्याच्या बेतात असेल, तर धावपट्टीपासून १० किलोमीटरवर ते जेमतेम सव्वापाचशे मीटर उंचीवर असते आणि सेकंदाला सुमारे ७० मीटर पुढे जात असते. पाच सेकंद दिसले नाही म्हणजे साडेतीनशे मीटर आंधळेपणाने गेले. वैमानिक दोघे असतात आणि यंत्रे मदतीला असतात, म्हणून बहुतेक वेळा निभावते. पण विमानात दीडशे-दोनशे माणसे बसलेली असतात. मे २०२५ मध्ये दुबईहून चेन्नईला उतरणाऱ्या एका विमानावर परंगीमलै भागातून असाच झोत मारला गेला. विमान सुखरूप उतरले. दुबईची विमाने आपल्याला परकी नाहीत. आखातात कामाला गेलेला कोणाचा दीर, कोणाचा भाऊ दोन वर्षांनी त्यातूनच घरी येतो.

हे वेड आपल्याच गच्चीवर आहे असे समजू नका. अमेरिकेत न्यू जर्सी राज्यात, जिथे आपली मराठी कुटुंबेही पुष्कळ आहेत, २०२४ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये आकाशात अनोळखी ड्रोन फिरतात म्हणून मोठी घबराट झाली. तपासात बरीचशी ड्रोन म्हणजे नेहमीची विमाने, हेलिकॉप्टरे आणि तारे निघाले. पण दरम्यान लोकांनी त्या दिव्यांवर लेझर मारायला सुरुवात केली होती आणि वैमानिकांच्या डोळ्यांवर झोत येऊ लागले. शेवटी तिथल्या तपास यंत्रणेला, एफबीआयला, असे करू नका म्हणून जाहीर सांगावे लागले. २०२४ या एका वर्षात अमेरिकेत लेझर मारल्याच्या १२ हजारांहून अधिक तक्रारी वैमानिकांनी नोंदवल्या. त्याच वर्षी पावसाळ्यात आपल्या बीडकडे आणि मराठवाड्यातल्या इतर गावांतही रात्री ड्रोन फिरतात म्हणून लोक जागरणे करीत होते.

आकाशात नवलाचे काही दिसतच नाही, असेही मी म्हणत नाही. २ एप्रिल २०२२ ला, ऐन पाडव्याच्या संध्याकाळी, विदर्भात जळते गोळे आकाश चिरत गेले आणि चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात लोखंडी चाकासारखे भले मोठे कडे येऊन पडले. तो चीनच्या चांग झेंग ३बी अग्निबाणाचा भाग असावा, असे खगोलशास्त्रज्ञांनी हिशेब मांडून सांगितले. हिशेबाने सांगितले, बॅटरी मारून नव्हे.

आता कायद्याचे. मुंबई विमानतळाच्या परिसरात लेझर, पतंग, फुगे, उंच उडणारे फटाके यांवर पोलिस वेळोवेळी मनाई हुकूम काढतात. विमान नियमांतील नियम ६६ ऑक्टोबर २०२३ मध्ये सुधारला. त्यात लेझर आणि उडत्या कंदिलांचा स्पष्ट उल्लेख आला आणि विमानतळाभोवतीची हद्द ५ किलोमीटरवरून ५ सागरी मैल, म्हणजे सव्वानऊ किलोमीटर, झाली. डोंबिवली-कल्याण त्या हद्दीबाहेर आहे म्हणून कोणी निश्चिंत राहू नये. झोत हद्द पाहून थांबत नाही. शिवाय उलवे-पनवेलकडचा नवी मुंबई विमानतळ डिसेंबर २०२५ पासून सुरू झाला आहे, तेव्हा आपल्या बाजूच्या आकाशातली वर्दळ वाढणारच. गरिबाच्या पोरावर एकदा गुन्हा नोंदला गेला की पुढे नोकरीसाठी पोलिस पडताळणीच्या वेळी काय होते, हे आपल्या वस्तीत कोणाला सांगायला नको.

विमानाचे राहू द्या, घरातल्या डोळ्यांचे काय? २०२३ च्या गणेशोत्सवानंतर पुणे, कोल्हापूरकडून मिरवणुकीतल्या लेझरने तरुणांच्या डोळ्यांना इजा झाल्याच्या बातम्या आल्या. पुढच्या वर्षी पुणे पोलिसांनी मिरवणुकीत लेझरवर बंदी घातली. नेत्रपटल भाजते तेव्हा दुखत नाही, म्हणून पोराला कळतही नाही. नंतर वाचताना मधलेच अक्षर दिसेनासे होते. आपल्या १४ एप्रिलच्या मिरवणुकीतही डीजेच्या गाडीवर हे यंत्र असते आणि समोर बापाच्या खांद्यावर बसलेले लेकरू नेमके त्याच उंचीला असते. मंडळाच्या कार्यकर्त्यांनी रागावू नये, पण यंदाच्या बैठकीत हा विषय काढावाच.

भाच्याला मी रागावलो नाही. पोरे मोबाइलमधून मान वर काढून आकाशाकडे पाहू लागली, याचा मला आनंदच झाला. त्याला एवढेच सांगितले की दिवा दिसला तर पाच मिनिटे नुसता पाहत राहा. दिशा, वेळ, हलतो का, लाल-हिरवे ठिपके दिसतात का, ते वहीत लिही. मोबाइलवर विमानांचा नकाशा दाखवणारे अॅप असते, त्यावर त्या वेळी तिथे विमान होते का ते पाहा. संध्याकाळी पश्चिमेला एकटा, न लुकलुकणारा तेजस्वी ठिपका बहुधा शुक्र असतो. आगगाडीच्या डब्यांसारखे एका ओळीत सरकणारे ठिपके स्टारलिंकचे उपग्रह असतात. वांगणीला खगोल मंडळाचे आकाशदर्शन होते. तिथे जाणकारांना विचारता येते.

गेल्या रविवारी त्याने वही दाखवली. अकरा नोंदी होत्या. नवांपुढे विमान, एकापुढे शुक्र, आणि एकापुढे प्रश्नचिन्ह. ते प्रश्नचिन्ह घेऊन आम्ही दोघे वांगणीला जाणार आहोत. लेझर बॅटरीतले दोन बारीक सेल त्या पोराच्या आईने काढून टीव्हीच्या रिमोटमध्ये घातले आहेत.